धुपाटण्याने दिलेलं उत्तर

कुमुदताई एकदा देवीला नवस बोलल्या होत्या, "आई, सासूबाईंना या दम्यातून उठव. पुढे त्यांचा श्वास मी सांभाळीन." देवी पावली. सासूबाई हिंडूफिरू लागल्या.

पण गावात वीज सारखी जाई, म्हणून घरात जनरेटर आला. थोरले दीर अप्पासाहेब निवृत्त इंजिनिअर. त्यांनी हुकूम सोडला, "आईच्या खिडकीखालच्या पडवीत ठेवा. पावसात भिजायला नको."

"भाऊजी, धूर आत जाईल."

"कुमुद, तीस वर्षं पॉवरहाउस चालवलंय मी! तू आपली यंत्राच्या पूजेची तयारी कर."

"करते की. तोवर तुम्ही आईंच्या खोलीत टेका."

सासूबाई अंगणात ऊन खात होत्या. कुमुदताईंनी धुपाटण्यात निखारे घेतले, मूठभर ऊद टाकला आणि पडवीत यंत्रासाठी आखलेल्या चौकोनातच ते ठेवलं. घटकाभरात अप्पासाहेब डोळे पुसत, खोकत बाहेर आले. "अगं, जीव घेतेस का माझा?"

"भाऊजी, हा धूर दिसला, त्याचा वास आला, म्हणून तुम्ही उठून आलात. यंत्राच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. झोपलेल्या आईंना कोण उठवणार?"

मग अप्पासाहेब स्वतःच टेप घेऊन परसाच्या टोकाला गेले. सगळ्या खिडक्यांपासून लांब ओटा बांधला, वर छप्पर, बाजू मोकळ्या, धुराचं तोंड शेताकडे. नारळ तिथेच फुटला.

बायांनो, कुमुदताईंनी वसा पाळला, तसा तुम्हीही पाळा. यंत्र घराबाहेर, खिडक्यांपासून लांब, मोकळ्या हवेत ठेवा, आणि घरातल्यांचा श्वास सांभाळा.