आठ पहिल्या प्रती

"आठ सरदार, आठ तसबिरी, आणि आठही पहिल्या! दुसरी प्रत कुणाच्या हातात दिसली, तर छापखान्याचे सगळे दगड धोबीघाटावर!"

कनकगडच्या महाराजांनी हुकूम सोडला आणि पान तोंडात टाकलं. दोन्ही कामांना त्यांना सारखेच कष्ट पडायचे.

भानगड अशी झाली होती. दसऱ्याला महाराज स्वतःची रंगीत तसबीर आठ मानकऱ्यांना भेट देणार होते. तसबीर शिळाछापाची, म्हणजे गुळगुळीत दगडावर चित्र काढायचं, शाई फिरवायची आणि कागद दाबून उचलायचा. कुणा शहाण्यानं भर दरबारात सांगून टाकलं की, पहिला कागद सगळ्यांत सरस उठतो. झालं! सरदार रणनवरे म्हणाले, "पहिला आमचा! आमचे पणजोबा लढाईत सगळ्यांच्या पुढे होते." सरदार इंगवले म्हणाले, "होते ना! पळताना!" तलवारी निघायच्याच काय त्या बाकी राहिल्या होत्या.

हुकूम ऐकून छापखान्याचे मालक नरहरपंत छापखान्यात परतले ते डोकं धरूनच. "पहिली प्रत एकच असते हो! आठ पहिल्या काय झाडाला लागतात?"

हे ऐकत होती गोजरा. पाथरवटाची लेक. छापून झालेल्या दगडावर वाळू-पाणी घालून जुनं चित्र घासून काढायचं, हे तिचं काम. बारा वर्षांत तिनं इतके देव पुसले होते, की राजाचं तिला फारसं अप्रूप राहिलं नव्हतं. पण दगड धोबीघाटावर जाणार हे ऐकून ती हातातली वाळू टाकून उठली. लेकरासारखे सांभाळलेले ते दगड! त्यांच्यावर आता सरदारांची धोतरं आपटणार?

"पंत, ह्या तसबिरीला रंग किती?"

"आठ."

"मग दगड बी आठच की! एका रंगाला एक दगड."

"ते मला सांगतेस? मी मालक आहे!"

"मालक हायसा म्हणूनच सांगावं लागतंय. उद्यापासनं रोज एका सरदाराला बोलवा. फक्त एकाला. आणि कोरे कागद आठच काढा. प्रत्येकावर मागल्या बाजूला एकेकाचं नाव घाला."

पंतांना कळलं काहीच नाही. पण दुसरं काही सुचतही नव्हतं, म्हणून त्यांनी आठ निरोप धाडले.

पहिल्या दिवशी पिवळ्या रंगाचा दगड लागला. सरदार रणनवरे मिशा पिळत आले. गोजरानं त्यांच्या नावाचा कागद सगळ्यांच्या आधी दगडावर ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत उचलला. "बघा सरकार, म्हाराजांचे दागिने पयले तुमच्या कागदावर पिवळे झाले!" रणनवरे तरंगतच घरी गेले. मग बाकीचे सात कागद त्याच दगडावरून निघाले. ते बघायला रणनवऱ्यांना सवड नव्हती. सगळ्या गावाला सांगायचं होतं ना!

दुसऱ्या दिवशी गुलाबी, दुसरा दगड, दुसरे सरदार. असं रोज चाललं. आठव्या दिवशी काळा रंग आणि सरदार इंगवले. त्यांचं तोंड रंगाहून काळं. "सगळ्यांच्या शेवटी आम्ही?"

"शेवटी कसलं, सरकार! काळ्याबिगर म्हाराजांच्या मिशा उठतील का? सात दिवस म्हाराज बिनमिशीचे बसलेत, फकस्त तुमची वाट बघत!"

इंगवल्यांची छाती अशी फुगली, की अंगरख्याचा बंदच तुटला.

दसऱ्याला दरबार भरला. तसबिरी वाटून झाल्या. महाराज मिस्कील हसले. त्यांना तर दगड घाटावर गेलेलेच दिसत होते. "हं, आता खरं बोला. पहिली प्रत कुणाची?"

"माझी!" आठजण एकदम उभे राहिले.

"गप्प! आठांतले सात खोटं बोलताहेत!"

दारापाशी उभी असलेली गोजरा पुढं झाली. "न्हाई सरकार. सरदार मंडळी हायेत, पर आज चुकून खरं बोलताहेत!"

दरबारात खसखस पिकली. "ह्या तसबिरीला आठ दगड लागले, सरकार. हरेक दगडावर पयला कागद निराळ्या सरदारांचा. समद्यांनी आपापल्या डोळ्यांनी बघितलंय. आठ दगड, आठ पयले कागद. आता ह्यातली दुसरी कुठली, ते तुम्हीच निवडून द्या!"

महाराजांनी आठही तसबिरी उलटसुलट करून पाहिल्या. काही सापडेना. हट्ट तर सुटेना! शेवटी ते गरजले, "आणि आमची प्रत कुठाय? आता तू आम्हाला देशील ती नववी! राजाला नववी?"

नरहरपंतांनी डोळे मिटून घेतले. गोजरानं मात्र पदर सावरून हात जोडले.

"प्रत म्हंजी नक्कल, सरकार. अस्सल तर गादीवर बसलंय. त्याची बरोबरी करील, असा तुमच्या तोडीचा दगड आमच्याकडं अजून आलाच न्हाई!"

ही स्तुती की आणखी काही, ते कुणाला कळेना, आणि विचारायची छाती होईना. महाराजांना मात्र कळलं. त्यांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे खदखदून हसले, की पिकदाणी कलंडली. "आम्हाला दगड म्हणालीस, आणि तेही हात जोडून!"

त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्यापुढं धरलं. "दगड छापखान्यातच राहतील. आणि यापुढे तिथल्या प्रत्येक चित्राखाली मालकाच्या नावाआधी तुझं नाव छापायचं!"

"आधी?" नरहरपंत दचकले.

"का हो पंत," गोजरा म्हणाली, "तुमाला बी पयलाच नंबर पायजे?"

महाराज पुन्हा हसू लागले, आणि या वेळी आठही सरदार हसले. सगळ्यांत आधी कोण हसलं, यावरून त्यांची पुढं महिनाभर भांडणं चालली होती म्हणतात.