माशीही न शिरणारा स्टुडिओ

सांगोल्याचे बँडमास्तर येसबा ऐवळे गावच्या गाण्यांच्या रेकॉर्डी काढायचे. शेळ्यांचा गोठा हाच त्यांचा स्टुडिओ. त्यांचं गाजलेलं गाणं मुंबईच्या रतनशेठनं खुशाल आपल्या कंपनीच्या नावावर विकलं! ऐकून सगळे कलावंत हबकले. शेठला गावात बोलावून बैठक बसली.

"गाणं माझ्या एसी स्टुडिओत, माझ्या डोळ्यांसमोर झालंय. तिथं माशीसुद्धा शिरत नाही!" शेठ गरजला.

येसबा शांतपणे म्हणाले, "बरं. दुसरं कडवं लावा."

कडवं संपता संपता रेकॉर्डमधून आवाज आला, "ब्यँऽऽ!"

शेठचा चेहरा पांढराफटक पडला.

"माशी शिरत नाही, मग आमची चंपी शेळी कुठनं शिरली, शेठ?"

तेवढ्यात येसबांनी दाराबाहेर बांधलेल्या चंपीनं ओ दिली.