पोटातला सल्लागार

फार मागे एका धनगरवाड्यावर खंड्या नावाचा राखणीचा कुत्रा होता. काही दिवसांपासून खाल्लेलं त्याच्या अंगी लागेना. एके सकाळी मालकीण ठकूबाईने त्याच्यापुढे लोण्याची भाकरी ठेवली.

तोच पोटातला जंत कुजबुजला, “आजच लोणी कुठून आलं रे? आत कडू गोळी आहे. बाई तुझ्या जिवावर उठलीय!”

खंड्याने भाकरी हुंगली. वास खरंच कडू होता. त्याने ठकूबाईकडे संशयाने पाहिलं.

“खा रे लेकरा,” ती म्हणाली. “नुसता हाडांचा सापळा झालास.”

“खाऊ नकोस! तुझ्या भल्याचंच सांगतोय,” जंत कळवळला.

खंड्या थबकला. “गोळी मी खाणार,” तो म्हणाला, “मग पाचावर धारण तुझी का बसलीय?”

आणि खंड्याने गोळीसकट भाकरी गिळून टाकली.