वाघाच्या वरचं खेळणं

रायाजीराव कोतवाल बाजारात शिरला की कुत्रीसुद्धा अंग चोरून बसत. अशा माणसाला जत्रेत, द्वारकी चितारणीच्या लाकडी खेळण्यांत काय दिसावं? स्वतःचीच बाहुली! तोच फेटा, त्याच गालभर मिशा, तेच वटारलेले डोळे.

"कोणाच्या हुकमाने केलंस हे?" कोतवाल गरजला. "बोल, नाहीतर सगळं दुकान चुलीत घालतो!"

माणसं गोळा झाली. द्वारकी हात जोडून म्हणाली, "हुकूम गिऱ्हाइकांचा, सरकार. मी आपली वाघच करत होते. पण आया म्हणाल्या, वाघाला पोरं आता भीत नाहीत, कुशीत घेऊन झोपतात. जेवताना पोर गप बसेल असं काहीतरी दे. मग मी तरी काय करणार? वाघाच्या वरचं गावात दुसरं आहे कोण?"

हा मान की अपमान, कोतवालाला कळेना. त्याने डोळे वटारले, तशी माणसांनी एकदा बाहुलीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि हसू दाबलं.

"बंद कर हे!"

"ते माझ्या हातात कुठं, सरकार? मागणी तुम्हीच बंद करू शकता. एकदा हसून दाखवा."

कोतवालाने ओठ घट्ट आवळले. पण मिशा थरथरल्या आणि तो खदखदून हसला. तेवढ्यात एका बाईच्या कडेवरचं पोर झेपावलं आणि त्याने कोतवालाची मिशीच धरली.

त्या बाईने पिशवीतून कालच घेतलेली बाहुली काढून द्वारकीपुढे ठेवली.

"हा कोतवाल आता काही कामाचा नाही गं. वाघच दे."