अतिविषाचा काढा

एकदा एक वृद्ध वैद्यराज आपल्या जुन्या शिष्याची पाठशाळा पाहायला गेले. हा शिष्य आता स्वतः आचार्य झाला होता आणि त्याच्याकडे चौदा तरुण वैद्यकी शिकत होते. आचार्यांची पावले वाजली की सगळे ताडकन उभे राहत. पाठ चालू असताना कोणी चकार शब्द काढत नसे.

"पाहिलंत ना गुरुदेव?" आचार्य म्हणाले. "एवढा मान आज कोणत्या गुरूला मिळतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्यराज एकटेच औषधांच्या खोलीत जाऊन आले आणि पाठ सुरू होताच म्हणाले, "माझं पोट बिघडलंय. अतिविषाचा काढा देशील?"

आचार्यांनी नेहमीच्या बरणीतून एक मुळी काढली आणि न पाहताच गदाधर नावाच्या सर्वांत जुन्या विद्यार्थ्यापुढे ठेवली. "कुटून उकळ," एवढे सांगून ते गुरूंना पाठशाळेची शिस्त समजावू लागले.

गदाधरने मुळी मोडली आणि त्याचा हात थबकला. अतिविष आतून पांढरेशुभ्र असते. ही मुळी काळपट होती. हा बचनाग होता, माणसाचे हृदय बंद पाडणारे विष. त्याने शेजारच्याकडे पाहिले. शेजाऱ्यानेही मुळी ओळखली आणि नजर खाली वळवली; मागून डोकावणाऱ्या इतरांनीही तेच केले.

"हात का थांबला?" आचार्यांनी विचारले.

गदाधर मुळी कुटू लागला. "काही नाही, आचार्य."

काढा तयार झाला. वैद्यराजांनी वाटी हातात घेतली. "कोणाला काही सांगायचं आहे?"

चुलीत लाकूड तडतडले, तेवढाच काय तो आवाज. मग वैद्यराजांनी वाटी आचार्यांपुढे धरली. "आधी तू चव घे."

आचार्यांनी वाटी उचलली. एकाने डोळे गच्च मिटून घेतले. बोलले मात्र कोणीच नाही. वाटी ओठांना लागणार तोच वैद्यराजांनी फटका मारून ती खाली पाडली.

"बचनाग आहे. मुळ्या मीच बदलल्या होत्या."

आचार्य मटकन खाली बसले. "या मुलांना कळलं नसेल," ते पुटपुटले.

"विचार त्यांना."

त्यांनी विचारले. एकेक करत नऊ हात वर झाले. पहिला गदाधरचा होता.

"तुला ठाऊक होतं आणि तू मला पिऊ देत होतास?"

गदाधर रडू लागला. "गेल्या वर्षी श्रीकरनं तुमची चूक दाखवली. तुम्ही त्याला सगळ्यांदेखत मूर्ख म्हणालात, दिवसभर अंगणात उभं केलंत. तो पुन्हा आला नाही. आज आधी वाटलं, माझंच चुकत असेल. मग वाटलं, माझं बरोबर निघालं तर जास्त वाईट."

मग वैद्यराज आचार्यांना म्हणाले, "तू ज्याला मान समजलास, ती दहशत आहे. भ्यालेला शिष्य गुरूचा जीव जाताना पाहील, पण तोंड उघडणार नाही." ते विद्यार्थ्यांकडे वळले. "आणि तुम्ही या भीतीला नम्रता म्हणू नका. उद्या तुमच्या हाती रुग्ण येणार आहेत. ज्याच्याविषयी खरा आदर असतो, त्याचा चुकणारा हात माणूस वेळेवर धरतो."

त्याच दिवशी वैद्यराज निघून गेले.

दुसऱ्या दिवशीच्या पाठात आचार्यांनी एका औषधाची मात्रा सांगितली. गदाधर कापऱ्या आवाजात म्हणाला, "आचार्य, ही मात्रा मला जास्त वाटते."

आचार्यांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. आचार्यांनी पोथी उघडून मात्रा पुन्हा तपासली. ती बरोबर होती.

"तू चुकलास," ते म्हणाले. मग क्षणभर थांबून त्यांनी गदाधरला जवळ बोलावले. "पण बोललास, हे बरं केलंस. ये, कुठे चुकलं ते दोघं मिळून पाहू."

तेव्हा मागच्या ओळीतून हलका आवाज आला, "आचार्य, मलाही तिथेच शंका होती."