जोगाईला वाहतात ते तण

निवळखोलच्या जोगाईला फूल चालत नाही. एखादा पाहुणा झेंडूचा हार घेऊन आलाच, तर दगडूअण्णा गुरव तो हार त्याच्याच गळ्यात घालतात आणि सड्याकडे बोट दाखवतात. सडा म्हणजे देवळाला लागून पसरलेलं कातळाचं पठार. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी घरटी एक माणूस तिथे अनवाणी जातं, रांगेत बसून माजलेलं गवत आणि काटेरी रोपं मुळासकट उपटतं आणि मूठभर तण देवीच्या पायाशी ठेवतं. आता कोल्हापूर-साताऱ्याकडची माणसंही आपणहून कामाला येतात. संध्याकाळपर्यंत गाभाऱ्यात तणाचा भारा होतो आणि भादव्यात सडा असा फुलतो की पाय कुठे ठेवावा कळत नाही. देवीला तण कशाला, असं नवखं माणूस विचारतंच. अण्णांना तेवढंच हवं असतं.

फार पूर्वी, म्हणे, या गावात हौसा नावाची बाई होती. हाताने कामाची आणि तोंडाने त्याहून कामाची. तिचा नवरा तुळाजी बैलांवर धान्य लादून घाट उतरायचा आणि कोकणातून मीठ आणायचा. दिवाळीनंतर गेलेला माणूस शिमग्याला घरी यायचा. एका वर्षी सोबतीचे सगळे आले, तुळाजी आला नाही. घाटात दरड कोसळली आणि तो मागे राहिला, एवढंच त्यांना ठाऊक होतं. गावातल्या बायका हळू आवाजात बोलू लागल्या. हौसाने मात्र कुंकू पुसायला साफ नकार दिला.

आषाढात ती जोगाईपुढे पदर पसरून उभी राहिली. देवळात फुलांचा सडा घालीन, पायरीपासून गाभाऱ्यापर्यंत फुलं पसरीन, असा नवस तिच्या मनात होता. पण ऐनवेळी रडू दाटलं आणि ती बोलून गेली, "माझा माणूस घरी आण, तुला फुलांचा सडा देईन." घालीनच्या जागी देईन आलं. तेव्हा ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

भादव्यात तुळाजी काठी टेकत वेशीवर उभा राहिला. पाय मोडल्यामुळे घाटाखालच्या एका वाडीने त्याला इतके महिने सांभाळलं होतं. हौसाचा आनंद गगनात मावेना. ती रडली, हसली, त्याला चार शिव्या दिल्या आणि टोपली घेऊन तडक सड्यावर गेली. तेरडा, सोनकी, पांढरे गेंद, हाताला लागेल ते फूल तिने तीन दिवस खुडलं. देवळात घोटाभर फुलं झाली, म्हणे. मग नवस फिटला का, असा गुरवाने कौल लावला. म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या तांदळाचा एकेक दाणा चिकटवला. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार.

डावा पडला. फुलं कमी झाली असतील असं समजून हौसा पुन्हा गेली आणि कातळाच्या कपारी तेवढ्या सोडून सगळा सडा खुडून आली. पुन्हा डावाच.

पुढच्या वर्षी सड्यावर फूल नव्हतं. बी धरायला फूलच राहिलं नव्हतं, तर उगवणार काय? नुसतं गवत आणि काटे माजले. हौसाने धसका घेतला. नवस फिटला नाही तर देवी दिलेलं परत नेते, असं सगळेच मानायचे. ती तुळाजीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देईना. भरल्या घरात तो कोंडल्यासारखा बसून राहिला.

एक दिवस तो वैतागून म्हणाला, "आगं, तू देवीला नेमकं काय बोललीस? शब्दाला शब्द सांग."

"फुलांचा सडा देईन म्हनलं."

"घालीन का देईन?"

"देईनच की," हौसा म्हणाली. मग तुळाजीला असं हसू फुटलं की त्याची काठी हातातून पडली. "आगं येडे, ह्यो समोरचा सडा! फुलांचा सडा देईन म्हनलीस आन् होता तेवढा बी बोडका केलास!"

त्याच दुपारी दोघं सड्यावर गेली. कपारीत वाचलेल्या रोपांभोवतीचं तण हौसाने उपटलं. आदल्या वर्षीची वाळकी फुलं देवळामागे झाडून टाकली होती, तिथे रोपं उगवली होती. त्यांना बी धरू दिलं आणि बी सांडलेली ती माती टोपलीने सड्यावर नेली. तुळाजी दगडावर बसून गुरं हाकलायचा आणि बायकोला चिडवायचा. चेष्टा करायला आलेले गावकरीही हळूहळू खाली बसून हात चालवू लागले. तिसऱ्या भादव्यात सडा या टोकापासून त्या टोकापर्यंत फुलला. हौसाने एकही फूल तोडलं नाही. त्या श्रावणात उपटलेलं तण तेवढं तिने मुठीत आणलं आणि कौल मागितला, नवस फिटला का?

सकाळची दुपार झाली तरी एकही दाणा पडला नाही. हौसाचा जीव टांगणीला लागला. शेवटी म्हातारा गुरव म्हणाला, "तुजं देनं नको आसतं तर डावा पडला आसता. फिटला आसता तर उजवा. आईनं नवस धरून ठेवलाय. तुजं काम चालू हाय तवर तिचं देनं बी चालू हाय."

हौसाने हे ऐकलं आणि ती भर गाभाऱ्यात खळखळून हसली, असं सांगतात. मग तिने पुन्हा म्हणून कधी कौल मागितला नाही. दर श्रावणात तण उपटत राहिली आणि तुळाजी पिकल्या वयापर्यंत तिच्या शेजारी बसून तिला चिडवत राहिला.

आजही जोगाईपुढे लग्नाचा, पेरणीचा, भांडणाचा कौल लागतो. पण सड्याचा नवस फिटला का, हे गावात कुणी विचारत नाही. गेल्या श्रावणात दिवसभर तण काढून दमलेल्या एका पाहुणीने हात धुता धुता म्हटलं, "अण्णा, हे काम संपतं तरी कधी?"

"घरी कोण कोण हाय तुमच्या?" अण्णांनी विचारलं.

"नवरा आहे, दोन मुली आहेत."

"मग बाई," अण्णा म्हणाले, "संपायची घाई कशाला करता?"