मगरिबची लांब नमाज

फार जुन्या काळी, गावांना नावंही पडायची होती तेव्हा, एका खाडीच्या काठावर एक मशीद होती. तिथल्या तरुण इमामाचा आवाज इतका गोड होता, की तो कुराण पढू लागला की वल्ही आपोआप संथ होत आणि बगळे पंख मिटून बसत.

मगरिबची नमाज खरं तर लहान. सूर्य बुडतो, अंधार पडायच्या आत ती संपते. पण लोक दूरदूरहून इमामाचा आवाज ऐकायला येऊ लागले, आणि त्याचं पठण रोज थोडं लांबू लागलं. सफेत, म्हणजे नमाजाच्या रांगेत, उभे असलेले म्हातारे पाय बदलत. बोलत मात्र कुणी नसे.

एका संध्याकाळी इद्रीस नावाडी सफेत उभा असताना पलीकडच्या काठावर कंदील हलला. कुणीतरी बाई अडली होती. सुईण हूरबी धावत येऊन होडीत बसली. पाणी ओसरायला लागलं होतं.

"अरे इद्रीस, पाणी चाललं रे!" तिने हाक मारली.

इद्रीसने ती ऐकली. जीवावर बेतलं असेल तर नमाज मोडायची मुभा असते, हे त्यालाही ठाऊक होतं. पण त्याला वाटत राहिलं, मगरिबच तर आहे, आता संपेल. आता संपेल. इमामाचा आवाज मात्र संध्याकाळच्या रंगांवर तरंगतच राहिला.

शेवटचा सलाम फिरवून नमाज संपताच इद्रीस धावला, तेव्हा होडी चिखलात बसली होती.

इमामही मागोमाग आला. "इतकी घाई कसली, बी?" त्याने विचारलं.

"मौलवीसाहेब, आवाज गोड आहे तुमचा," हूरबी कडाडली. "पण ओहोटी काही तुमच्या मागे सफेत उभी नव्हती! पलीकडे बाई तडफडतेय."

इमामाचा चेहरा उतरला. त्याने पायजमा वर खोचला आणि चिखलात उडी घेतली. मग सगळी सफ उतरली. खांद्याला खांदा लावून त्यांनी होडी पाण्यापर्यंत ढकलत नेली.

सुईण दोन घटका उशिरा पोहोचली. बाळ जगलं. आई मात्र पुढे कितीतरी महिने अंथरुणातून उठली नाही. इमाम दर जुम्याला, शुक्रवारी, तिच्या दारी जाऊन तब्येत विचारी, आणि मान खाली घालून परते.

त्या रात्रीनंतर मगरिबला तो कुराणातली सगळ्यात छोटी सूरा पढू लागला. दूरवरून आलेला एक पाहुणा नाराज झाला. "एवढंच? मी तीन दिवस चालत आलोय तुम्हाला ऐकायला!"

"मग बसा," इमाम हसून म्हणाला. "नमाज झालीय. आता तुम्हाला हवं तितकं पढतो. ज्याला जायचंय, तो जाऊ शकतो."

इद्रीसची होडी तोवर खाडीच्या मध्यावर पोहोचली होती.

तात्पर्य : पुढे उभं राहणाऱ्याने मागच्या सर्वांत अडलेल्या माणसाच्या मापाने नमाज पढवावी.